हातावर ससाणा हवा म्हणे!

ससाणा पाळायला सुरुवात कशी करावी, या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर दोन शब्दांचं आहे: करू नये. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससाणे, गरुड, शिक्रे ही सगळी मंडळी संरक्षित केली आहेत. पकडता येत नाहीत, विकत घेता येत नाहीत, घरट्यातलं पिल्लू काढून वाढवता येत नाही. पक्षी पहिल्या अनुसूचीतला असेल तर शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत जाते. घरट्याखाली पडलेलं पीस उचलून वहीत ठेवणंसुद्धा कायद्यात बसत नाही. विषय इथेच संपायला हवा होता.

पण माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तो वेल्डिंगचे हातमोजे घेऊन. चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानातले, कोपरापर्यंत येणारे, पिवळ्या चामड्याचे. डावा त्याला हवा होता. उजव्याचं काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून आईनं तो चुलीवरचा टोप उतरवायला ठेवून घेतला.

“फक्त माहिती काढतोय गं मावशी.”

अकरावीतल्या मुलानं असं म्हटलं की घरातल्यांनी सावध व्हावं. माहितीचं मूळ अर्थातच मोबाइलमध्ये होतं. एक पोरगा डावा हात लांब करतो, समोरच्या झाडावरून पक्षी सुटतो, गवताला लागून सरळ येतो आणि अगदी शेवटी वर उचलून हातावर बसतो. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. भाचा तो पुन्हा पुन्हा लावायचा आणि मीही चहा गाळता गाळता त्याच्या खांद्यावरून बघायची. कारण हे खूळ आमच्या घरात मीच आधी आणलं होतं. मी आणलं ते मात्र मोबाइलवरून नव्हे, धोपाव्याच्या जेट्टीवरून.

आम्हाला दाभोळला जायचं तर धोपाव्याहून फेरीबोट. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण बोट पलीकडे असली तर जेट्टीवर बसून राहावं लागतं. तिथे चाचांची ओळख झाली. पलीकडच्या मोहल्ल्यातले, सत्तरी ओलांडलेले. उमेदीची सगळी वर्षं दोहात काढून आलेले. आमच्या किनाऱ्यावर आखातात राबून आलेला माणूस शोधावा लागत नाही. कोणी ड्रायव्हर होता, कोणी फिटर, कोणी जहाजावर. चाचा गेले ड्रायव्हर म्हणून आणि परतले ते ससाणे सांभाळणारे होऊन. मालकाकडे शिकारीचे ससाणे होते. ते बघणारा माणूस आजारी पडून आपल्या गावी गेला आणि कोणीतरी चाचांच्या हातात मोजा चढवला. एवढीच भरती.

त्या दिवशी जेट्टीवर ब्राह्मणी घारी मासळीच्या टोपल्यांवर घिरट्या घालत होत्या. चाचांनी त्यातल्या एकीकडे मान उडवली. “ती जेवून आलीय. हिचा नुसता टायमपास चाललाय.” मी दुर्बीण लावली. गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला, पिसांतून फुगवटा दिसत होता. शिकारी पक्षी खातो ते आधी तिथल्या पिशवीत साठतं आणि मग सावकाश पोटात उतरतं. मी कितीतरी हिवाळे पक्षी बघत होते, यादीत जाती लिहीत होते, आणि समोरचा पक्षी उपाशी आहे की जेवलेला, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यानंतर बोट लवकर आली की मलाच चुटपुट लागायची.

चाचांच्या गोष्टींत वाळवंटापेक्षा खोल्या जास्त. उन्हाळ्यात तिथला पारा पंचेचाळिसावर गेला की ससाणे एसीत. जुनी पिसं झडून नवी येण्याचे ते महिने; तेव्हा त्यांना उडवायचं नाही, चांगलं खायला घालायचं आणि अजिबात दचकू द्यायचं नाही. “आमी सात-आठ जण एका खोलीत, आमचा कूलर बंद,” चाचा हसत सांगतात. दोहाच्या सूक वाकिफ बाजारात ससाण्यांची वेगळी पेठ आहे, तिथेच त्यांचं हॉस्पिटलही आहे. अमिरातींनी तर 2002 पासून ससाण्यांना पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. पायातल्या रिंगचा नंबर, जात, मालकाचं नाव, सगळं त्यात. विमानात पक्षी मालकाच्या शेजारी बसून जातात. चाचांचा स्वतःचा पासपोर्ट मात्र मालकाच्या कपाटात असायचा. “पाखराचा पन तिथंच. दोघांचे जोडीनं ठेवलेले.”

तर भाच्याला मी चाचांकडे घेऊन गेले. त्यानं मोठ्या ऐटीत हातमोजा दाखवला. चाचांनी तो उलटापालटा करून बघितला, वास घेतला, परत दिला.

“वजनाचा काटा हाय काय तुज्याकडं?”

भाच्याकडे नव्हता. त्याला वाटलं चाचा चेष्टा करतायत. पण या विद्येत नवशिक्याची पहिली खरेदी हातमोज्याची नसते, काट्याची असते. रोज सकाळी, ठरल्या वेळी, पोट रिकामं असताना पक्षी काट्यावर बसवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पोटभर जेवलेला, अंगानं भरलेला ससाणा हातावर येत नाही. तो झाडावर बसतो, तुमच्याकडे एकदा बघतो आणि आपल्या वाटेनं जातो. फार उतरलेला पक्षी येतो खरा, पण त्याच्या अंगात पाठलागाची ताकद नसते, आणि थंडी-वाऱ्यात तो दगावतो. या दोन टोकांच्या मधे एक अरुंद पट्टा असतो, जिथे पक्ष्याला भूक असते आणि ताकदही असते. आज दोरी सोडायची की नाही, हे त्या पट्ट्यावर ठरतं. बहिरी ससाण्याची मादी नऊशे-हजार ग्रॅमची. तिच्याबाबतीत थोडं इकडेतिकडे चालतं. शिक्रा दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिथे चार-सहा ग्रॅमही जड जातात. शिवाय हा पट्टा जागेवर राहत नाही. गारवा वाढला की घास वाढवायचा, उकाडा वाढला की कमी करायचा. काल किती उडाला, नवं पीस फुटतंय का, रात्री खाल्लेल्या लाव्याची पिसं-हाडं सकाळी गुठळी होऊन तोंडावाटे बाहेर पडली का, पडली तर तिला वास कसला येतोय. गुठळी पडेपर्यंत पुढचा घास द्यायचा नाही.

भाचा हे ऐकता ऐकता मोज्याची शिवण उसवत होता.

“म्हंजे त्याला उपाशी ठेवायचा?” त्यानं विचारलं.

“उपाशी नाय. भुकेला,” चाचा म्हणाले. “उपाशी ठेवला तो मेला. आनि भूक नसली तर तू कोन त्याचा?”

हे चाचा अगदी सहज बोलून गेले. कुत्रा माणसाला सोडत नाही, कारण तो मुळातच कळपातला. त्याला कोणीतरी म्होरक्या लागतो. ससाणा एकट्यानं जगणारा. मालक ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नाही. तो हातावर येतो कारण हातात मांस आहे आणि आतापर्यंत त्या हातानं दगा दिलेला नाही. त्याला शिक्षाही करता येत नाही. एकदा हात उगारलात की पुढच्या वेळी उडालेला पक्षी परत येत नाही, संपलं. सगळं शिकवणं त्याला पटेल तसं, त्याच्या कलानं करावं लागतं. हजारो वर्षं माणसांनी जनावरांना चाबूक, वेसण, अंकुश लावून कामाला जुंपलं आणि त्याच माणसांना या एका धंद्यात हात बांधून बसावं लागलं, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

नवा पक्षी आला की पहिले काही दिवस चाचा त्याला हातावर घेऊन नुसते बसून राहत. मालकाच्या बैठकीत, जिथे गप्पा चालल्यात, टीव्ही चालू आहे, पोरं धावतायत, कॉफी फिरतेय. पक्षी दचकून उडायला बघतो, पायातल्या चामडी पट्ट्यांनी अडतो, हातावरून उलटा लोंबकळतो. तो खाली डोकं करून पंख आपटत असताना आपण घाबरायचं नाही, छातीखाली उजवा हात देऊन त्याला शांतपणे पुन्हा मुठीवर घ्यायचं. हे दहा वेळा, वीस वेळा. मधेच डोळ्यांवर चामड्याची टोपी. तिला तिकडे बुर्का म्हणतात. डोळ्यांपुढे अंधार झाला की ससाणा जागच्या जागी शांत होतो. आणि मग कधीतरी, एवढ्या माणसांत, तो मान वाकवून तुमच्या मुठीतला तुकडा तोडतो. चाचांच्या मते खरी सुरुवात ती. जो पक्षी मान खाली घालून खातो, त्यानं तेवढ्यापुरती तुमच्यावरची नजर काढलेली असते.

चाचांनी त्या दिवशी आम्हाला गाठही दाखवली. डाव्या मुठीत ससाणा म्हणून पाण्याची बाटली. जाळ्याचा एक दोर जेट्टीच्या लोखंडी कडीतून घेतला. मग उजव्या हातानंच अंगठ्यावर दोर चढवला, दोन बोटांनी मागून फिरवून फासा काढला, फाशातून शेपूट दुमडून ओवलं आणि खाली ओढलं. कडीकडून कितीही ताणा, घट्टच. शेपूट ओढलं की एका हिसक्यात मोकळी. डावी मूठ या सगळ्यात तसूभर हलली नाही, बाटलीतलं पाणीही नाही. बाजूला जाळं विणत बसलेल्या माणसानं मान वर करून बघितलं, म्हणाला, “पुन्हा कर.” त्याला शिकारी पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं, गाठीशी होतं. भाच्यानं मग डाव्या मुठीवर किलोभर मिठाचा पुडा तोलून जेट्टीच्या टोकापर्यंत चालून दाखवलं. परत येईतो पुडा पोटाशी आला होता.

बाहेरच्या देशांत नवशिका कसा तयार करतात ते मी नंतर वाचून काढलं. अमेरिकेत आधी लेखी परीक्षा, शंभरात ऐंशी मिळवायचे. पक्षी ठेवायची जागा सरकारी माणूस येऊन तपासणार, तिथे काटा आहे की नाही हेही बघणार. मग एखाद्या जुन्या जाणत्याच्या हाताखाली किमान दोन वर्षं उमेदवारी. पहिला पक्षी बहुधा लाल शेपटीचा बाज, दणकट, किलोभराचा, नवशिक्याच्या चुका सोसणारा. ब्रिटनमध्ये एवढे सोपस्कार नाहीत, पण पक्षी कैदेत पैदास झालेलाच हवा. तिथल्या नवख्यांना हॅरिस बाज देतात, जो शिकारी पक्ष्यांत अपवाद म्हणून कुटुंबानं मिळून शिकार करतो आणि त्यामुळे माणसाशीही जरा जुळवून घेतो.

आणि आपल्याकडे नवशिक्याचा पक्षी कोणता होता? शिक्रा. तोच, जो आमच्या परसातल्या आंब्यावर बसून कोंबडीच्या पिल्लांवर डोळा ठेवतो. उत्तर हिंदुस्थानात, पंजाब-सिंधात शिक्रा लवकर शिकतो म्हणून पसंत केला जाई. मौल्यवान ससाण्यांना खायला लागणारी छोटी पाखरं त्याच्याकडून मारून घेत. तिकडे नवशिक्याला दणकट पक्षी देतात आणि इकडे सर्वांत नाजूक पक्षी सर्वांत अडाणी हाती जाई. लवकर शिकतो हे खरं, पण लवकर मरतही असणार. तो हिशेब कोणी ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. शिक्रा गेला तर दुसरा धरता येत होता, हेच त्या सोपेपणाचं कारण असावं असं मला राहून राहून वाटतं.

विद्या मात्र आपल्याकडे जुनी, आणि चांगली लिहून ठेवलेली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींत ससाण्यांच्या शिकारीचं वेगळं प्रकरण आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवानं तर ‘श्यैनिकशास्त्र’ हा सबंध ग्रंथ त्यावर लिहिला. भावनगरसारख्या संस्थानांत विसाव्या शतकापर्यंत ससाणे उडवले जात. संस्थानं गेली, मग कायदा आला, आणि हातावर पक्षी वागवणारी माणसं संपत गेली. युनेस्कोनं 2010 मध्ये या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, 2021 पर्यंत त्या यादीत चोवीस देश झाले. त्यात आपण नाही.

यावर हळहळणारे लोक मला भेटतात. मी त्यांच्यातली नाही. ज्या देशात एका रीलपायी अकरावीतला मुलगा हातमोजे विकत घेतो, तिथे कायदा सैल केला तर पुढच्या उन्हाळ्यात एकाही शिक्र्याचं घरटं शाबूत राहणार नाही. पण कायद्यानं पक्षी वाचला म्हणून पक्षी हाताळण्याचं ज्ञानही टाकून द्यावं, हे काही मला पटत नाही. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकानं बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, आई अंड्यावर बसली की अंडं फुटायचं. पूर्वेकडच्या राज्यांत घरटी उरली नाहीत. तेव्हा कामाला आले ते ससाणे पाळणारेच. टॉम केड हा पक्षिशास्त्राचा प्राध्यापक स्वतः ससाणे उडवणारा. त्यानं 1970 मध्ये पेरेग्रीन फंड (पेरेग्रीन म्हणजे बहिरी ससाणा) ही संस्था उभी केली, कैदेत पिल्लं वाढवली आणि जुन्या शिकाऱ्यांच्याच पद्धतीनं सोडली. उंच जागी पेटी ठेवायची, पिल्लांना माणूस दिसू न देता खाणं टाकायचं, आणि ती स्वतःची शिकार स्वतः करेपर्यंत टाकत राहायचं. 1999 मध्ये बहिरी ससाणा तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

इतकं कळल्यावरही हातावर पक्षी हवा का, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर आता नाही असं आहे, आणि ते कायद्याच्या भीतीनं नाही. रोज उठून दुसऱ्या जिवाची भूक ग्रॅममध्ये बेतायची, आणि त्या भुकेच्या जोरावर त्याला आपल्याकडे बोलवायचं, हे मला झेपणारं नाही. चाचांनी ते मन लावून केलं. त्यांचा एकही पक्षी उपासानं गेला नाही, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो असावाही. माझ्या आवडीचा पक्षी मात्र पोट भरलेला. नोव्हेंबरात अमूर ससाणे ईशान्येकडे वाळव्यांवर ताव मारतात, अंगावर चरबी चढवतात आणि मग सगळा देश ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरतात, ते न उतरता थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत. हे सगळं दीडशे ग्रॅमचा पक्षी करतो. त्या वजनाचा ससाणा कोणाच्याही शिट्टीला ओ देणार नाही.

चाचांकडून मी उचलली ती नजर. आमच्याकडे एका वाडीत जुन्या रायवळ आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं आहे. बैलगाडीच्या चाकाएवढं, दरवर्षी काटक्यांची नवी भर पडून खाली झुकलेलं. वाडीच्या मालकांच्या आजोबांनीही ते तिथेच बघितलेलं. कोकणातली ही घरटी शोधून त्यांची नोंद करण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पूर्वीच करून ठेवलंय. त्यामुळे निदान आमच्या भागात तरी झाड तोडायचा विषय निघाला की कोणीतरी घरट्याचं नाव काढतं. घरट्याखाली सागरी सापांचे मणके, शिंगाळ्याची डोकी, क्वचित एखादं कोंबडीचं पीस. गेल्या मार्चमध्ये तिथे गरुडाचं अर्धं पीस पडलेलं दिसलं. पिल्लाचं, तपकिरी, मधेच मोडलेलं. मी फोटो काढला, पीस तिथेच पालापाचोळ्यात राहू दिलं, आणि पुढच्या खेपेला चाचांना मोबाइल दाखवला.

त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. “इथं बघ. मोडलाय तिथं.”

मोडलेल्या कडेला पिसाच्या आडवी, केसाइतकी बारीक, फिकट रेघ होती. बोटभर खाली तशीच दुसरी, पुसट. पीस वाढत असताना पिल्लाला खायला कमी पडलं की त्या दिवसाचं पीस नीट भरत नाही. तिथे ही रेघ उमटते आणि जन्मभर ते पीस तिथेच मोडायला बघतं. पिल्लाची सगळी पिसं एकाच वेळी वाढतात, म्हणून रेघ सगळ्या शेपटीवर एका ओळीत पडलेली असते. पाळलेल्या ससाण्याच्या शेपटीवर अशी रेघ दिसली की सांभाळणाऱ्याची लाज गेली. मोडलंच, तर मागच्या वर्षी झडलेलं पीस कापून, बांबूची सुई दोन्ही पोकळ दांड्यांत सरकवून जोड द्यायचा. चाचा असे जोड इतके बेमालूम देत की मालकाला सापडत नसत. घरट्यातल्या त्या पिल्लाला जोड द्यायला कोणी नव्हतं. पण ते उडालं. मी एप्रिलात त्याला खाडीच्या तोंडावर बघितलं, शेपटीत फट असलेलं, रापणीच्या जाळ्याभोवती आईबापांच्या मागे ओरडत फिरताना.

बुर्क्याचाही उपयोग झाला. आमच्या रस्त्यावर आता मोठमोठ्या काचांचे बंगले झालेत. त्यातल्या एका काचेवर एक शिक्रा येऊन आदळला. राखणदारानं त्याला टोपलीखाली झाकून, चोच उघडून चमच्यानं पाणी पाजायची तयारी चालवली होती. बेशुद्धीतल्या पक्ष्याला पाजलेलं पाणी श्वासनळीत जातं. आम्ही बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, तळाला जुना पंचा घातला, पक्षी आत ठेवला आणि झाकण लावलं. अंधार झाला, खरखर थांबली. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या माणसानंही हेच सांगितलं: अंधार, शांतता, खायला-प्यायला काही नाही, सारखं उघडून बघायचं नाही. शेवटचं सर्वांत अवघड. बंगल्याच्या मालकांना फोटो हवा होता. वनरक्षक येईपर्यंत मी खोक्यावर हात ठेवून बसले. त्यांनी बागेत झाकण काढलं तेव्हा शिक्रा क्षणभर आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघत बसला आणि मग आंब्यात घुसला. भाच्यानं त्या वेळी मोबाइल काढला नव्हता, हे मी नमूद करून ठेवते.

राहिला भाच्याचा हट्ट. चाचांनी त्याला नाही म्हटलंच नाही; काम दिलं. “घरात कोंबडी हाय ना? सुट्टीभर तिला सांभाळ. रोज सकाळी दाना टाकायच्या आदी उचल. छातीचा हाड लागतो, त्याच्या दोनी अंगानं बोट फिरव. मास किती हाय ते बोटाला कळला पायजे. अंदाज सांग, मग काट्यावर ठेव. वहीत दोनी आकडे. जुळले की ये.”

काटा म्हणजे आईचा आमसुलं मोजायचा. पहिल्या दिवशी कोंबडी, काटा आणि भाचा असे तिघे खळ्यात तीन दिशांना गेले. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या डोक्यावर आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी टाकली आणि कोंबडी गप्प बसली. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, बुर्क्यावरून सुचलं. मग रोज सकाळी सहाला खुराड्यापाशी त्याचा आवाज: “एक किलो दोनशे!” आणि पाठोपाठ काट्याची टिकटिक, आणि निराशेचा सुस्कारा. आई वैतागली. कोंबडीला धरून धरून तिचं अंगावरचं मास उडेल म्हणाली. पण काटा धुऊन मिळत होता, आणि एरवी आठापर्यंत लोळणारा नातू सहाला उठत होता, म्हणून तिनंही फार ताणलं नाही.

सुट्टी संपता संपता तो वही घेऊन जेट्टीवर आला. चाचांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. सुरुवातीला अंदाज आणि काटा यांत पाव किलोचं अंतर, नंतर शंभर ग्रॅम, शेवटी वीस-तीस. भाचा शाबासकीची वाट बघत उभा होता. चाचांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“हिकडं चाळीस-पन्नास ग्रॅम एकदम उतरला. का?”

भाच्याला सांगता येईना. पोट बिघडलं असेल, थंडी पडली असेल, असं काहीबाही बोलला. चाचा मान हलवत राहिले. शेवटी त्यानं फोन काढून स्पीकरवर आजीला विचारलं, मंगळवारी कोंबडीला काय झालं होतं?

“काय व्हायचंय तिला? अंडं दिलंन. आणि तूच खाल्लंस की त्याची पोळी करून!”

जाळंवाला खो खो हसत सुटला. चाचांनी वही मिटून भाच्याच्या हातात दिली. “अंड्याचा वेगळा रकाना काढ. आनि आदल्या सांजेला तिनं काय खाल्लान त्याचा पन.”

“आणि मग?”

“मग पुडच्या सुट्टीत ये. तोवर तो मोजा आजीला दे, तिचा दुसरा हात भाजत असंल.”